बाईंचा निळा होस्टा

“हात मागे.”

बाईंच्या मागच्या अंगणाचं दार उघडलं की आधी हे दोन शब्द यायचे. पाहुणा शाळकरी असो की तेल कंपनीतला मोठा साहेब, दोन्ही हात पाठीशी बांधायचे आणि मगच पाऊल आत टाकायचं. बाई इथल्या भारतीय शाळेत वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळत होत्या. त्यामुळे असेल, पण माणूस आधी हात मागे न्यायचा आणि कशासाठी ते नंतर विचारायचा.

कशासाठी, तर होस्टासाठी. तुमच्यापैकी कुणी थंड देशात राहिलं असेल तर घरामागच्या सावलीत ही झाडं पाहिली असतील. जमिनीलगत पसरतात, फुलांपेक्षा पानांचाच तोरा जास्त. बाईंकडचा होता मोठ्या पानांचा, निळा. आणि आम्ही राहतो कुवेतमध्ये, एगैलाला, जिथे जूनमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं.

तळमजल्यावर बाई आणि काका, वर आम्ही. होस्टा आला तो दिवस मला आठवतो, कारण नर्सरीत मीही सोबत होते. हॉलंडहून आलेल्या गड्ड्यांचं पाकीट होतं, वर निळ्या पानांचं चित्र. दुकानदार भला माणूस. म्हणाला, “भाभी, ये ठंडे मुलुक का है. इधर नहीं होगा.” बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि त्याला सांगितलं की झाल्यावर बघायला बोलावीन. मला वाटलं, गंमत करतायत.

बाई गंमत करत नव्हत्या. या झाडाला हिवाळ्यात कडक थंडीत झोपावं लागतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं. कुवेतचा हिवाळा त्याला पुरेना, मग त्यांनी मुळं ओलसर पीटमध्ये, म्हणजे नर्सरीत मिळणाऱ्या काळ्या भुसभुशीत मातीत, गुंडाळून सरळ जुन्या फ्रिजमध्ये ठेवली. एकदा माझ्या सासूबाई तिथून दही काढायला गेल्या आणि पुडकं उघडून किंचाळल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “हळू, झोपलाय तो.” उन्हाळ्यात कुंडी एसीच्या खोलीत यायची. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून तेवढंच त्याला मिळायचं. काकांनी अम्गराच्या भंगारबाजारातून चाकं आणून कुंडीखाली गाडा करून दिला होता. काका पेट्रोकेमिकलमधले इंजिनिअर, पण त्यांनी इतक्या प्रेमाने बनवलेली दुसरी कुठली वस्तू मी पाहिली नाही.

पान मोठं व्हायला वर्षं गेली. येणारे-जाणारे अळू समजायचे आणि वड्यांचं विचारायचे. बाईंना याचा राग यायचा, पण त्या दाखवायच्या नाहीत. अखेर एका मार्चमध्ये तळहाताहून मोठी, धुरकट निळी पानं उघडली. बाईंनी नर्सरीवाल्याला निरोप धाडायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात धुळीचं वादळ आलं. बाई शाळेत अडकलेल्या. काका घरी होते. वादळ गेल्यावर त्यांनी केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. गणपतीआधी आपण घरातल्या झाडांची पानं पुसतो ना, तसं ओलं फडकं घेतलं आणि एकेक पान मागून-पुढून लख्ख पुसलं. बायकोला बरं वाटेल म्हणून.

बाई आल्या तेव्हा पानं चकचकीत होती, आणि हिरवी. निळा रंग पानाचा नव्हताच, वरच्या मेणाच्या पातळ थराचा होता. तो फडक्यावर गेला होता. काका फडकं हातात धरूनच उभे होते. बाईंनी ते फडकं उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, “द्राक्षावर असतं तसंच की हे. नाशिकची असून मला कळलं नाही.” काकांना एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्या जागी असते तर बोलले असते.

एकदा पुसलेल्या पानावर तो थर परत येत नाही. म्हणजे आता पुढच्या वसंताची वाट पाहायची. पण काकांची निवृत्ती पुढच्याच मे अखेरीस होती. नोकरी संपली की इकामा, म्हणजे दोघांचा राहण्याचा परवाना, संपतो, इकामा संपला की इथलं राहणं संपतं. बाईंच्या हाती एकच खेप उरली होती. ते झाड पुन्हा फ्रिजमध्ये गेलं आणि शाळेतलं “हात मागे” घरी आलं.

आणि मार्चमध्ये काय पानं आली म्हणून सांगू! जेवणाच्या ताटाएवढी, संध्याकाळच्या आभाळासारखी निळी. धूळ बसली की काका सायकलचा पंप मारायचे आणि बाई नळीचं तोंड धरायच्या. पानाला कापडाचा धागा लागला नाही. नर्सरीवाला शुक्रवारी आला. “रंग लगाया क्या?” म्हणत बोट पुढे केलं, आणि बाईंचा आवाज ऐकून त्या भल्या माणसानेही हात मागे बांधले. खूप वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, “भाभी, मैं गलत था.” बाई नुसत्या हसल्या. ऊर मात्र माझा भरून आला, जसं काही मीच ते झाड वाढवलं होतं.

जायच्या दिवशी सामान गाडीत गेलं होतं. झाड मला दिलं होतं, फ्रिज आणि पंपासकट. बाई कुंडीपाशी नेहमीसारख्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मग एक हात सोडला आणि सगळ्यात मोठ्या पानावर अख्खा पंजा ठेवला. जरा दाबलाच.

“अगं, हात!” काका घाबरून म्हणाले.

“या पानांना एकदाही नाही लावला,” बाई म्हणाल्या. “एकदा लावते.”

आता कुंडी माझ्या एसीच्या खोलीत आहे. निळ्या पानावर पाच बोटांचा हिरवा ठसा अजून स्पष्ट दिसतो. बघायला येणारे हळहळतात, इतकं सुंदर पान कुणी खराब केलं म्हणून विचारतात.

“आमच्या बाईंनी,” मी सांगते, “त्यांचंच आहे ते.” आणि कुणाचं बोट पुढे येताना दिसलं की म्हणते, “हात मागे.”