वत्सलेची पाच उत्तरं

गुणाबाईने जन्मात एकच परीक्षा दिली होती. मुरबाडकडच्या टोकावड्यात, बापाच्या ओटीवर, शेणव्याची चार माणसं तिला बघायला आली तेव्हा. नाव काय, बापाचं नाव काय, वय किती, भावंडं किती, घरातलं काय काय येतं. मान खाली घालून तिने पाच उत्तरं दिली, शेवटी सगळ्यांच्या पाया पडली आणि पास झाली. शेणव्याला येऊन काळूरामचा संसार केला. मुलगा रामू झाला, मग वत्सला झाली.

वत्सला पाच वर्षांची होईस्तोवर बोलली नाही. पुढे बोलली ते तुटक आणि थोडं. शाळेच्या बाईंनी दोन वर्षं वर्गात बसवलं आणि मग प्रेमाने घरी पाठवलं. काळूराम गेला, रामूने लग्न करून चूल वेगळी मांडली. बहिणीला तो टाकणार नव्हता, पण तिच्याबद्दल बोलताना त्याची बायको भांडी जरा जोरात ठेवायची. हा आवाज ऐकून ऐकून गुणाबाईला एकच घोर लागला होता, की आपल्यामागं वत्सूच्या नावाने काहीतरी असावं, म्हणजे तिच्या पुढ्यातलं ताट कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

गावातल्या लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या वाल्मिकने तिला सांगितलं, की मतिमंदांना सरकार दर महिन्याला पेन्शन देतं. फक्त मोठ्या इस्पितळाचा दाखला लागतो. ठाण्याला जायचं, तिथे डॉक्टर मुलीला बघतात आणि चार प्रश्न विचारतात.

मुलीला बघतात आणि प्रश्न विचारतात, एवढं ऐकलं आणि पुढचं गुणाबाईला कुणी सांगायची गरज उरली नाही.

ते अठ्ठ्याण्णव साल. भात झोडणीला आलं होतं. मायलेकी खळ्यावर समोरासमोर उभ्या राहत. पेंढी फळीवर आपटली की गुणाबाई म्हणे, नाव? दुसऱ्या फटक्याला, बापाचं? तिसऱ्याला वय, चौथ्याला भावंडं, पाचव्याला घरकाम. हळूहळू गुणाबाईला विचारावंही लागेना. फटका पडला की उत्तर येई. वत्सला, काळूराम, वीस, एक भाऊ, भाकरी-भात-आमटी. महिनाभरात भात झोडून झालं आणि वत्सला तयार झाली.

ठाण्याला जाताना तिला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं, वेणीत अबोली माळली, ठेवणीतली हिरवी साडी नेसवली. पोर अशी दिसत होती की शहापूरच्या एसटीत एका म्हातारीने तिचं कुठे जमलंय का, अशी चौकशी केली.

डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांच्यापुढे रांग मोठी होती. त्यांनी समोरचा छापील कागद वरून खाली वाचत नेला. नाव? वत्सला. वडिलांचं नाव? काळूराम. वय, भावंडं, घरी काय करतेस. एकही उत्तर चुकलं नाही. मग वत्सला उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्यांच्या पाया पडली. डॉक्टर हेलावले.

“बाई, मुलगी गुणाची आहे. तिला उगाच मतिमंद म्हणत जाऊ नका.”

वत्सलेला परक्या माणसाने गुणाची म्हणण्याची ती पहिलीच वेळ. गुणाबाईने तिथेच पदराने डोळे पुसले. परतीच्या लोकलमध्ये आसनगाव येईपर्यंत ती लेकीकडे नव्याने बघत होती.

कागद वाल्मिकने वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“काकी, पंचवीस टक्के मतिमंद लिवलेत. चाळीस लागतात.”

“म्हंजे नापास झाली?”

“नाय गो. पास झाली, त्याचाच घोटाळा झाला.”

कमी आहे हे भरपूर असावं लागतं, हा हिशेब गुणाबाईच्या गळी उतरायला दोन दिवस लागले. वाल्मिकचं म्हणणं, पुढच्या खेपेला पोरीला गबाळी ने आणि गप बसव. केस विस्कटायला गुणाबाईचा हात धजला नाही. गप बसवायचा मात्र तिने मनापासून प्रयत्न केला. बोलू नको म्हटलं की वत्सला बरं म्हणायची आणि दारात कुणी उभं राहिलं की पाचही उत्तरं ओळीने म्हणून मोकळी व्हायची. शिकवलेलं काढून कसं घ्यायचं, हे गुणाबाईला कुणी शिकवलं नव्हतं.

दीड वर्षाने पुन्हा तारीख मिळाली. तीच हिरवी साडी, तीच अबोली. यंदा खुर्चीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने कागद बाजूला सारला, वत्सलेकडे बघून हसली आणि विचारलं, “जेवलीस का?”

“वत्सला.”

डॉक्टरणीने गुणाबाईकडे बोट केलं. “या कोण?”

“काळूराम.”

किल्ली दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर वीस. आज वार कोणता, तर एक भाऊ. इथे कशाने आलात, तर भाकरी-भात-आमटी. मग वत्सला उठली आणि पाया पडली.

डॉक्टरीण लिहायला लागली. गुणाबाईच्या ओठांवर आलं होतं, की मॅडम, ती मला वळखते. रात्री मी कूस बदलली तरी तिला कळतं. नाव तेवढं पुन्हा विचारा, नीट सांगंल. एका वाक्याचं काम होतं. पण पेन कागदावर चाललं होतं आणि त्या पेनातून लेकीचं ताट येणार होतं. मुलीला जन्मभर बोलायला शिकवणारी बाई त्या दिवशी स्वतः गप बसली.

दाखल्यावर पंचाहत्तर टक्के आले. दहावीलाही इतके कुणाला पडले नाहीत, असं वाल्मिक पुढे गावभर सांगत फिरला. रामूच्या बायकोने आपणहून चहा टाकला.

पण ते नंतरचं. दाखला हातात पडल्यावर इस्पितळाच्या आवारात, नळाजवळच्या कट्ट्यावर गुणाबाईने फडकं सोडलं आणि भाकरी मोडून लेकीच्या हातात दिली. वत्सला खायला लागली. तिचा निम्मा तुकडा झाल्यावर गुणाबाईने हळूच विचारलं, “वत्सू, मी कोण गो?”

“आय.”

“मंग आत का नाय सांगितलंस?”

वत्सलेने हातातला तुकडा संपवला, बोटं चाटली.

“तू शिकवलं नाय.”

गुणाबाईने दाखल्याची घडी घातली, चोळीत खोचली आणि उरलेली भाकरी तिच्यापुढे सरकवली.