भोपळ्याची मागची बाजू

काका दात करायचे. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडात बघतो, काका तोंड कधी बघायचेच नाहीत. दाताचे डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, काका त्यात प्लास्टर ओतायचे, वर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायचे आणि त्यात एकेक दात बसवून कवळी तयार करायचे. गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या टेबलावरून गेलेलं. पण तोच म्हातारा रस्त्यात समोर आला तर काका ओळखायचे नाहीत. तो हसला की ओळखायचे. मग माझ्या कानाशी येऊन सांगायचे की याचा वरचा सुळा मीच जरा आत घेतला होता. तेही अशा आवाजात, जणू बिचाऱ्याची घरची भानगड फोडताहेत.

त्यांचा मुलगा माझा वर्गमित्र. कॉम्प्युटरला चिकटला की ओढून काढला तरी निघायचा नाही, म्हणून आम्ही त्याला मुंगळा म्हणायचो. त्याने दातांच्या टेबलावर बसावं ही काकांची इच्छा. बसला, दोन वर्षं बसला. पण मुंगळा डावखुरा. शेजारी शेजारी बसलं की बापाचं उजवं कोपर लेकाच्या डाव्या कोपरावर आपटायचं, मेणातला कुणाचा तरी दात हलायचा, आणि मग दोघं खाली बघून भांडायचे, जणू चूक त्या कवळीचीच होती. खुर्च्यांची अदलाबदल करावी हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, पण आधी उठायचं कुणी? शेवटी मुंगळा उठला तो टेबलावरूनच उठला. चार महिने घरात बोलणं बंद.

त्याच चार महिन्यांत माझ्या खोलीत आम्ही एक गेम करायला घेतला होता. जुन्या धाटणीचा: हातात बंदूक, समोर बोळ, येईल त्याला उडवायचं. पहारेकरी जमले. उडणारा राक्षस काही जमेना. मी काढलेला राक्षस आजारी कोंबडीसारखा दिसतो असं मुंगळ्याचं मत पडलं. मग ठरलं की चित्रं काढत बसण्यापेक्षा खरीखुरी मूर्ती करायची, सगळ्या बाजूंनी तिचे फोटो काढायचे आणि ते गेममध्ये घालायचे. आता मूर्ती कोण करणार? मुंगळा माझ्याकडे बघत राहिला, मी छताकडे. शेवटी गेला बापाशी, खाली मान घालून.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दात करीन. डोळे मला येत नाहीत."

म्हणून आमच्या राक्षसाला डोळेच नव्हते. गुलाबी मेणाचं गोल गरगरीत अंग, कानाच्या पाळ्यांसारखे दोन पंख आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंड. त्यात चौदा दात, एकेक असा बसवलेला की एखाद्या म्हाताऱ्याला हेवा वाटावा. नाव पडलं भोपळा. दिसत नाही म्हटल्यावर मुंगळ्याने त्याला आवाजावर सोडलं. बंदूक वाजली किंवा पळताना पाय वाजले की भोपळा गर्रकन वळणार आणि तोंड उघडून अंगावर येणार. मग कितीही पळा, तोंड तुमच्याकडेच. आवाज नसेल तर बोळांच्या शेवटी असलेल्या मोठ्या दालनात दाराकडे पाठ करून आपला वरखाली तरंगत राहणार.

मूर्तीला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बापलेक एका टेबलावर बसले आणि मी एकदा स्वतःच्या कानांनी काकांना हसताना ऐकलं. गेम झाला, गावातल्या पंचवीस-तीस पोरांनी खेळला, आणि मग सगळं जिकडच्या तिकडे गेलं. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मुंगळ्याला लांबच्या शहरात नोकरी लागली. भोपळा काकांच्या खिडकीत होता, त्याचं एका उन्हाळ्यात मेण वितळलं, दात तेवढे राहिले. ते काकांनी गोळ्यांच्या डबीत भरून ठेवले. आणि तिसऱ्या वर्षी मुंगळा मोटरसायकलवरून कामाला जाताना रस्त्यावरच गेला.

पुढे वर्षभर काकांनी घरात त्याचं नाव काढलं नाही. हे मला काकूंनी सांगितलं.

मग एक दिवस भर दुपारी काका दुकानात आले. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. गेम अजून आहे का, विचारलं. आहे म्हटलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. भोपळा पुरा झाला त्या संध्याकाळी मुंगळ्याने तो मागून उचलला आणि मेण अजून ऊन असल्यामुळे त्याचा अंगठा पाठीत रुतला. चांगला खड्डा पडला. काका चिडले. मुंगळा म्हणाला, "राहू दे ना बाबा. मागून कोण बघतंय?" काका म्हणाले, मागची बाजू धड नसेल तर ते काम माझं नव्हे. मुंगळा उठून गेला. काकांनी सुरी तापवली, खड्डा भरला आणि पाठ गुळगुळीत केली.

"फोटो त्याच्या आधी काढलेत की नंतर?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. "थांब. सांगू नकोस."

मी म्हटलं, काका, मलाही आठवत नाही, पण गेममधला तो फोटोच उघडून दाखवतो, दोन मिनिटांचं काम. तर नाही म्हणाले. माप ज्याचं त्याच्याच तोंडातून घ्यायचं असतं, सांगोवांगीची कवळी बसत नाही. ते स्वतः तिथपर्यंत जाणार होते.

आता हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. गेम खेळलेल्या एकाही पोराने भोपळ्याची पाठ बघितलेली नव्हती, कारण हातात बंदूक असताना ती न वाजवता कोण जातो? काकांना पाच बोळ आणि अकरा पहारेकरी पार करायचे होते, एकही गोळी न झाडता, एक पाऊलही न पळता. ते बटणं दाबायचे दात बसवल्यासारखी: आधी बोट ठेवायचे, मग अंदाज घ्यायचे, मग दाबायचे. तेवढ्यात पहारेकरी त्यांना मारून मोकळा. रोज दुपारी जेवण झालं की काका हजर. तासाभरात सात-आठ वेळा मरायचे, चष्मा खिशात घालायचे आणि येतो म्हणून जायचे. मी एकदा गमतीने म्हटलं, काका, एवढ्या वेळा तर मांजरही मरत नाही. तर गंभीरपणे म्हणाले की मांजराला घाई असते.

पहिल्याच दिवशी ते गेल्यावर मी तो फोटो उघडून बघितला होता. पाठ गुळगुळीत होती. कुठे टाचणीएवढीही खूण नाही. अतिशय सुबक काम.

हे मी पोटात ठेवलं. म्हटलं, चौथ्या बोळाच्या पुढे काही जात नाहीत, कंटाळतील. पण दोन महिन्यांनी एका दुपारी ते पाचव्या बोळात शिरले आणि दालनाच्या दाराशी जाऊन मेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवला नाही. परीक्षेत चांगला पेपर गेलेल्या पोराचा चेहरा होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी गुलाबी मेणाचा गोळा तापवला, त्यात अंगठा दाबला, फोटो काढला, लहान केला आणि भोपळ्याच्या पाठीवर चिकटवला. पडद्यावर तो दहा-बारा ठिपक्यांचा झाला. अगदी खराखुरा. मीच दोनदा फसलो.

पुढे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काका पाचव्या बोळाच्या शेवटच्या खांबामागे थांबले. पहारेकरी वळला. काका सावकाश निघाले. दार सरकलं.

भोपळा दालनाच्या मधोमध पाठमोरा तरंगत होता. वर, खाली. वर, खाली. काकांनी एकेक पाऊल टाकत त्याला अगदी जवळ आणला, पाठ पडद्यावर मावेनाशी होईपर्यंत. मग बटणावरून बोट उचललं.

खड्डा होता. काकांचा श्वास मला ऐकू आला. त्यांनी चष्मा काढला, पडद्याला नाक लागेल इतके पुढे झाले, उजवा हात उचलला आणि अंगठा त्या खड्ड्यावर टेकवला. तो बरोबर बसला. मग त्यांनी तो काढला आणि डावा अंगठा टेकवून बघितला.

भोपळा त्यांच्या अंगठ्याखालून वर जात होता, खाली येत होता.

"डावीकडे कललाय," काका म्हणाले. "त्याचा उजवीकडे कलायचा."

त्यांनी माझ्याकडे न बघताच माझा उजवा हात ओढून घेतला, अंगठा उलटा करून बघितला, एखाद्या डॉक्टरने पाठवलेलं माप बघावं तसा, आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"म्हणजे फोटोच्या आधीच मी भरला होता तो."

मी हो म्हटलं. पाठ गुळगुळीत होती. मग म्हटलं की हे काढून टाकतो काका, चूक झाली माझी, आत्ता काढतो. आणि माऊसकडे हात नेला.

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले.

मग ते उठले. खुर्ची मागे सरकवताना त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, पाय जपून टाकले, दारही हळूच लोटलं. भोपळा पाठ करून तरंगत राहिला.