चकचकीत फरशी

आमच्या शेजारच्या वकिलांना खरखरीत फरशी म्हणजे गरिबी वाटते. घर नवं करताना त्यांनी अंगणातली शहाबादी उपटून टाकली आणि फाटकापासून बाथरूमपर्यंत आरशासारखी चकचकीत टाइल लावायची ठरवली. दुकानात मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे भिंतीले लावाची टाइल हाय. बाथरूममध्ये खाली खरखरीत घ्या." वकील नुसते हसले. समोरचा अडाणी असल्यासारखे ते नेहमीच हसतात. प्रत्येक वाक्यानंतर "समजलं काय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

नव्या घरात वकिलांच्या पत्नी, आमच्या काकू, भिंत धरून चालू लागल्या. "मले भेव लागते जी," त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या.

"पाय उचलून चालत जाय. समजलं काय?" वकील म्हणाले.

एका सकाळी आवाज ऐकून मी धावत गेलो. काकू बाथरूमच्या दारात पडल्या होत्या, मनगट वाकडं झालं होतं. वकील गुडघ्यांवर बसले. मला वाटलं, बायकोला उठवतील. त्यांनी अंगठ्यानं टाइल पुसली, वाकून पाहिली आणि मला म्हणाले, "तडा नाही गेला. माल चांगला हाय."

माझी मूठ वळली. शेजार म्हणून ती मी तशीच खिशात घातली आणि काकूंना ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं.

हाताला प्लास्टर चढत असताना त्या म्हणाल्या, "भाऊ, जाता जाता मिस्त्रीले घेऊन चला. ते फरशी आजच फोडाची हाय."

"वकीलसाहेब कोर्टात गेल्यावर फोडू," मी म्हणालो.

"नाई," काकू म्हणाल्या. "त्यायच्या समोरच."