दोन्ही वायरींवर बसवलेला क्लॅम्प

आधीच सांगते — भूतखेत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही! मी आयटीआय केलेली इलेक्ट्रिशियन आहे, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मोटरी दुरुस्त करते. तेव्हा लिंबू-मिरची सुचवणाऱ्यांनी आपला वेळ वाचवावा.

बाभुळगावजवळ आमच्या गावात आई एकटी पिठाची गिरणी चालवते. बाबा गेल्यावर भाऊ म्हणाला, बंद कर, तुझ्याच्यानं होणार नाही. आई म्हणाली, "काहून? माये हात मोडले काय?" मी आईची बाजू घेतली... म्हणजे जबाबदारीही माझ्यावरच आली. मोटर किती करंट ओढते ते फोनवर दिसावं म्हणून मी केबलवर क्लॅम्प सेन्सर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा सेन्सर, आणि सोबत छोटा वायफाय बोर्ड बसवला. घाईत, यवतमाळची बस सुटेल म्हणून.

रोज दुपारी चारला आई गिरणी सुरू करायची आणि माझ्या फोनवर पंधरा अँपिअर दिसायचे. असे दोन महिने गेले.

मग एका मंगळवारी आकडा एकदम तीसवर गेला. खाली येईचना. मोटर अडकली! आई फोन उचलेना. शेजारच्या विमलमावशीला फोन लावून ओरडलेच, "मावशी, पळ! गिरणीचा मेन स्विच पाड!"

आईचा पदर पट्ट्यात गेला होता. गळ्याला फास बसत होता. मावशी नंतर म्हणाली, "अजून एक मिनिट गेलं असतं तं काही खरं नव्हतं वं बाई."

दुसऱ्या दिवशी गावी पोचून सेन्सरचा बॉक्स उघडला. क्लॅम्प दोन्ही वायरींवर होता! जाणारी आणि येणारी वायर एकत्र धरली की एकीचा करंट दुसरीचा खोडून टाकतो, आकडा शून्य. हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी तीच चूक केली. मग दोन महिने पंधरा आणि त्या मंगळवारी तीस आले कुठून? लीकेज, म्हणजे करंट जमिनीत गळत होता, म्हणाल? तीस अँपिअर लीकेज? फ्यूजच उडाला असता! मी स्वतः गिरणी चालवून दहादा पाहिलं. दहाही वेळा शून्य.

खाटेवरून आई म्हणाली, "हे वायरिंग तुया बापाच्या हातचं हाये. त्याले दिसलं असन."

"आई, काहीच्या काही बोलू नको," मी म्हटलं. आणि बाहेर जाऊन रडले. मानायचं तर मानत नाहीच.

आता एका वायरीवर नवा क्लॅम्प आहे, तो बरोबर चालतो. उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर गणितासकट लिहा. जुना क्लॅम्प मात्र तिथंच आहे, दोन्ही वायरींवर, रोज चारला शून्य दाखवतो. कायले ठेवला म्हणून विचारू नका... नाही काढत. माझी आई आहे ती.