चौदा चटयांची खोली

मावशींच्या पाळणाघरात दुपारी एक वाजता चौदा मुलं झोपायची आणि जागा होती अकरांची. उरलेल्या तिघांना कुठे घालायचं, हा रोजचा नवा पेच. एक कपाटासमोर, एक टेबलाखाली आणि एक थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. ओट्याकडे जायचं तर मावशी बगळ्यासारखा एकेक पाय उचलून टाकायच्या.

सव्वीस वर्षांपूर्वी समोरच्या घरातल्या नर्सबाईंनी आपलं सात महिन्यांचं बाळ “आजचा एक दिवस फक्त” म्हणून मावशींच्या हातात दिलं होतं. तो एक दिवस चार वर्षं चालला. त्या बाळामागून दुसरं आलं, दुसऱ्यामागून तिसरं. गल्लीत कुणाचं बाळ रांगायला लागलं की लोक मावशींचं दार वाजवायचे. मावशींची स्वतःची मुलगी या गोतावळ्यातच वाढली, शिकली, परगावी नोकरीला लागली. घर मात्र होतं तेवढंच राहिलं: दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे अंगण.

मावशींचे यजमान भूमापन खात्यात होते. साहेब नकाशावर सही करायचे. फितीचं टोक धरून छत्तीस वर्षं उन्हात उभे राहिले ते हे. मुलं त्यांना मोजकाका म्हणायची. ते दिसेल ते मोजायचे म्हणून, आणि बोलायचे ते मोजकंच म्हणूनही. ते निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात मावशींनी विषय काढला.

“अहो, बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात एक खोली काढू या. मुलांच्या झोपेची.”

मोजकाकांनी पेपर खाली ठेवला. “काढू.”

एवढ्या एका शब्दासाठी आपण दहा वर्षं थांबलो, हे मावशींच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

नकाशा काढायला इंजिनिअर आला. पोरगेलासा, पण कामाला चोख. त्याने घराच्या भिंतीपासून कुंपणाच्या तारेपर्यंत मोजलं: तेरा फूट. कुंपणापासून तीन फूट मोकळे सोडायचा नियम, म्हणजे खोली दहा फूट रुंद, अठरा फूट लांब. चार दिवसांनी तो रंगीत चित्रच घेऊन आला. मोठी काचेची खिडकी, छताला दिवे, कोपऱ्यात ऐसपैस कपाट.

मावशींनी चष्मा लावला. “चित्र झकास आहे. पण हे कपाट इथे ठेवलंस, तर त्याच्यामागे काय चाललंय ते मला ओट्यापासून दिसेल का?”

“मावशी, कपाटामागे काय चालणार?”

“तुला मुलं नाहीत वाटतं अजून.”

इंजिनिअर हसला, पण मावशींचं संपलं नव्हतं. त्यांनी त्याला बाजूच्या पट्ट्यात नेलं आणि चौदाच्या चौदा चटया जमिनीवर अंथरल्या. सात इकडे, सात तिकडे, मधे वाट. चटई साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद. मग मुलांना हाक मारली. भरदिवसा, मोकळ्या हवेत झोपायचं नाटक करायचं म्हटल्यावर मुलांना काय, आयतंच हवं होतं. सगळी आडवी झाली. दोघं तर घोरायलाही लागली, अर्थात खोटं खोटं.

“आता तूही पड,” मावशी म्हणाल्या.

“मी?”

“हो. तिथे, त्या जाडूच्या शेजारी. तुझी खिडकी जिथे सुरू होते तिथे मी हात धरते. काय दिसतं सांग.”

इंजिनिअर आपली इस्त्रीची पँट सांभाळत आडवा झाला. “तुमचा हात. आणि त्याच्याखाली... भिंत.”

“मग? जागं झाल्यावर मुलाने भिंत बघत पडायचं का? खिडकी दीड फुटावर घे. बाहेर कुत्रं गेलं तरी दिसलं पाहिजे. कडी मात्र माझ्या डोक्याच्या उंचीवर. हात धुवायचा नळ तुझ्या गुडघ्याएवढा. आणि दार बाहेर उघडणारं, कारण दारामागे कुणीतरी बसलेलं असतंच.”

तो पडल्या पडल्याच वहीत लिहीत होता. उठताना म्हणाला, “मावशी, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.” मावशींनी त्याच्या पाठीवरची माती झटकली. त्या दिवशी ओट्यावर भांडी जरा जास्तच तालात वाजत होती.

अर्जाला जमिनीचा जुना मोजणी नकाशा जोडावा लागतो. मोजकाकांनी आपल्याच जुन्या कार्यालयातून त्याची प्रत आणली आणि सवयीप्रमाणे फीत काढली. आश्चर्य म्हणजे छत्तीस वर्षं गावभर हद्दी मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जागेला कधी फीत लावली नव्हती. घर घेतलं तेव्हा कुंपण होतंच. त्याला हात लावायचं कारण पडलं नव्हतं. त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडापासून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांचा चहा कपातच गार झाला, तेव्हा मावशींनी विचारलं, “काय बिघडलंय?”

“कुंपण.”

“गंजलंय?”

“नाही. दोन फूट पलीकडे आहे. शेजारच्या बाईंच्या जागेत.”

आधीच्या मालकाने कधीतरी तार ठोकताना दोन फूट ढापले होते, चुकून की मुद्दाम ते देव जाणे. म्हणजे आपली जागा तेरा फूट नव्हे, अकरा. तीन सोडले की खोली आठ फुटांची. समोरासमोरच्या चटयाच सात फूट खाणार. मधे एक फूट वाट. तेवढ्यात मांजरसुद्धा अंग चोरून जाईल.

मावशींचा पारा चढला. “अहो, इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही!”

“मला दिसलं ना.”

“दिसलं तर डोळे मिटा! त्या बाई आपल्याशी बोलतात तरी का? वर्षातून चार चिठ्ठ्या टाकतात कुंपणावरून, मुलांचा आवाज होतो म्हणून. त्यांना जाऊन सांगायचं, की या, आमची जागा घ्या?”

“त्यांची जागा.”

मावशी तरातरा आत गेल्या. शेजारच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या. मावशींनी एकदा उत्तरादाखल चिठ्ठी पाठवली होती, तर बाईंनी तीच लाल शाईने शुद्धलेखन सुधारून परत धाडली होती. अशा बाईसाठी दोन फूट सोडायचे! मावशी दिवसभर धुमसत राहिल्या. नवऱ्याशी अबोला धरावा तर तो आधीच बोलत नव्हता. त्याला कळणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी खेळताना जाडूने बाजूला खेळणाऱ्या मुलीची लाकडी मोटार बळकावली. मुलगी रडत आली. मावशींनी तोंड उघडलं, “ज्याचं त्याला...” आणि वाक्य तिथेच तुटलं. हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. आज जीभ रेटेना. जाडू मोटार छातीशी धरून त्यांच्याकडे बघत राहिला, पुढचं कधी येतंय याची वाट बघत.

“...देऊन टाक,” मावशी शेवटी म्हणाल्या. त्याने मुकाट्याने दिली. मावशींनी हात पुसले आणि मोजकाकांना हाक मारली. “संध्याकाळी मुलं गेली की जाऊ. पण बोलणार मी. तुम्ही बोलायला लागलात तर उजाडेल.”

बाईंनी दार उघडलं तेच कपाळाला आठी घालून. “आज आवाज नव्हता. मी चिठ्ठी टाकलेली नाही.”

“आवाजाचं नाही, बाई,” मावशी म्हणाल्या. “कुंपणाचं आहे. ते दोन फूट तुमच्या जागेत आहे. आमच्या यांनी तीनदा मोजलं. आम्ही मागे घेणार आहोत.”

मोजकाकांनी नकाशा टेबलावर उलगडला आणि बोट ठेवलं. बाई वाकल्या. बोटाखालची रेघ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग खुर्चीवर बसल्या.

“किती म्हणालात? दोन फूट?”

“दोन फूट, पाऊण इंच,” मोजकाका म्हणाले.

“माझे वडील हेच म्हणायचे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच येत होता. “शेवटची तीन वर्षं रोज. कुंपण सरकलंय, माझी जागा गेली. रोज काठीने मोजायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी भ्रम झाला. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं. एकदा तर मी त्यांची काठी लपवून ठेवली होती.”

 बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“ते बरोबर होते तर.”

“अगदी बरोबर,” मोजकाका म्हणाले. “काठीने मोजून इतकं नेमकं आमच्या खात्यातही कुणाला जमलं नसतं.”

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला असं काही सुचतं, आणि तेही नेमक्या वेळी, हे त्यांना त्या संध्याकाळी नव्याने कळलं. बाई हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

निघताना मावशींना पुसटशी आशा होती, की बाई म्हणतील, राहू दे कुंपण तिथेच. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. “जागा मी घेणार,” त्या दारात म्हणाल्या. “वडिलांची आहे.” मावशींना क्षणभर टोचलं. मग त्यांनाच ते रास्त वाटलं.

आता आठ फुटांत चौदा मुलं कशी बसवायची? इंजिनिअर म्हणाला, दहाच मुलं ठेवा. मावशी म्हणाल्या, चौघांच्या आयांना तू सांगायला जा. त्यांनी पुन्हा चटया काढल्या. आडव्या लावल्या, तिरप्या लावल्या, गुडघे धरून उठल्या, पुन्हा बसल्या. दोन दिवस बाजूच्या पट्ट्यात हाच उद्योग. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या चटया एकाच रांगेत, एकीला लागून एक टाकल्या. रांग घराच्या भिंतीच्या कडेने निघाली ती मागच्या अंगणात जाऊन पोचली. पायथ्याशी साडेचार फुटांची सरळ वाट राहिली. त्या पहिल्या चटईपाशी उभ्या राहिल्या. शेवटची चटई स्वच्छ दिसत होती. मागे कपाट नाही, कोपरा नाही, लपायला जागा नाही. चौदाच्या चौदा एका नजरेत.

“ही तर पहिल्यापेक्षा बरी झाली की!” त्या मोठ्याने म्हणाल्या.

“बत्तीस फूट लांब,” मोजकाका फीत गुंडाळत म्हणाले. “वाटेत माझी शेड येते.”

अंगणातली ती पत्र्याची शेड म्हणजे मोजकाकांचा संसार होता. मोजणीच्या जुन्या साखळ्या, फिती, खुंट्या, ओळंबे, सगळं नोकरीभर जपलेलं. मावशी जरा थबकल्या. “मग काय करायचं?”

“शेड पाडायची.” आणि थोडं थांबून, “साखळी तेवढी आत टांगू. मुलांना आवडते.”

इंजिनिअरने नवा नकाशा पाहून मान डोलावली. “मावशी, आगगाडीचा डबा झालाय.”

“मग उत्तमच. गाडीत मुलं लवकर झोपतात.”

अर्ज मोजकाकांनी लिहिला: खोली बांधायचा आणि कुंपण दोन फूट मागे घ्यायचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई स्वतःच कुंपणापाशी आल्या, अर्ज मागून घेतला आणि तासाभराने परत दिला. लाल शाईत सात दुरुस्त्या होत्या. खाली काळ्या शाईत लिहिलं होतं, ‘शेजारी या नात्याने माझी हरकत नाही.’ आणि सही. मावशींनी तो अर्ज मुकाट्याने नव्याने उतरवून घेतला, सातही दुरुस्त्यांसकट, आणि बाईंकडून त्या ओळीखाली पुन्हा सही घेतली.

बांधकाम परवानगीच्या कार्यालयातल्या कारकुनाने कागद चाळले आणि मधेच थांबला. “काका, हे उलटं लिहिलंय का? कुंपण मागे?”

“मागे.”

“लोक इंच इंच पुढे सरकवायला येतात इथे. मागे घ्यायचा अर्ज मी पहिल्यांदाच बघतोय.” त्याने कागद उचलून पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना दाखवला. त्यांनी शेजारच्याला दाखवला. माना वळल्या. मोजकाका आपले भिंतीवरचं घड्याळ बघत उभे, जणू हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मावशी मात्र पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या. अर्जावर मालक म्हणून दोघांची नावं होती. कारकुनाने सही कुठे करायची ते दाखवल्यावर त्यांनी आपलं नाव सावकाश, काना-मात्रा न चुकवता लिहिलं.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. कुंपण मागे आलं. गवंड्याने जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, एक लांबलचक पांढरी चौकट. त्या सकाळी मावशी कडेवर सगळ्यात धाकट्याला घेऊन फाटकात उभ्या होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, “काय काढलंय?” एरवी मावशींना बोलायला सवड कुठली? पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला सगळं सांगितलं: चटया कशा लावल्या, खिडकी दीड फुटावर का, आमच्या यांना दोन फूट कसे दिसले, बाईंचे वडील कसे खरे ठरले. दूधवाल्याने दोनदा ऐकलं. एक अनोळखी गृहस्थ नुसतेच बुटाची नाडी बांधायला थांबले होते. मावशींनी त्यांनाही सोडलं नाही.