अकोल्याच्या स्टेजवरची तिफन

चांदूर बाजारच्या स्टँडवर अमरावतीची पहिली गाडी लागली. चढायच्या आधी मी नातीला पुन्हा एकदा विचारलं, "रोशने, बोली पक्की आहे ना?"

"हाव आबाजी. पक्की."

बोली काय ते आधी सांगतो. माझी नात रोशनी दोन वर्षांपासून विम्याचं काम करते. घरोघरी जाऊन लोकांना पॉलिसी समजावते. अकोल्याला तरुण विमा एजंटांचा एक दिवसाचा मेळावा होता. मेळाव्याला त्यांनी 'पेरणी' असं नाव दिलं होतं, आणि प्रत्येकानं घरचं एक शेती केलेलं जुनं माणूस सोबत आणायचं होतं. मी म्हटलं, येतो. दिवसभर बसून पाहतो. पटलं तर तुझं काम तू कर. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी बॅग खुंटीला टांगायची. मला वाटलं पोरगी भांडेल. ती गप हो म्हणाली. तेव्हाच मी जरा चरकलो होतो, पण दिलेला शब्द परत घ्यायची मला सवय नाही.

काम मला पसंत का नव्हतं, तेही सांगून टाकतो. आमच्या गावचे पुंडलिकराव माझे लहानपणापासूनचे सोबती. मागच्या पोळ्याला पारावर चार लोकांत ते मला म्हणाले, "तुमची नात घरी येऊन मले मरायची तारीख विचारून राहिली जी." सगळे हसले. मी घरी आलो आणि रोशनीशी आठ दिवस बोललो नाही. आमच्या घराण्यात कोणी दुसऱ्याच्या दारात जाऊन मरणाच्या गोष्टी केलेल्या नाहीत.

मी चौथी पास आहे, तीही दुसऱ्या खेपेला. गावच्या वाचनालयवाल्यांनी अंकासाठी लिहा म्हटलं म्हणून लिहितो. गाव सोडून पुण्याकडे गेलेली पोरंही हा अंक वाचतात. त्यांच्यासाठी इकडल्या शब्दांचे अर्थ कंसात टाकले आहेत. विसरला असाल तुम्ही.

अमरावतीला उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती, पण थंडी गेली नव्हती. रोशनी म्हणाली, गिलावडा (ताकात भिजवलेला वडा) खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही. एवढ्या थंडीत ताक कोण खातं, असं मी म्हटलं आणि दोन प्लेटी खाल्ल्या. वडेवाल्यानं विचारलं, "बाबाजी, कोन्या गावचे?"

"चांदूर बाजारकडचे. अकोल्याले चाललो. नातीची मीटिंग आहे."

"काय करते पोरगी?"

मी ताक पीत राहिलो. रोशनीनंच सांगितलं, "विम्याचं काम करतो दादा." त्यानं बरं म्हणून मान हलवली आणि दुसऱ्याला वडा वाढायला घेतला. त्याला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं, आणि ते रोशनीला दिसलं. अकोल्याच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली ती बडनेरा गेलं तरी बोलली नाही.

मीही बाहेर पाहत बसलो. पुसाचे (पौषाचे) दिवस. सोयाबीन निघून गेलेलं, त्या रानात कुठं हरभरा, कुठं नुसती ढेकळं. कपाशीला शेवटची दोन-चार बोंडं. पण मधल्या ओळींनी तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. शेतकऱ्याला प्रवासात दुसऱ्याचं रान पाहणं हाच विरंगुळा. कोणाची ओळ वाकडी, कोणाची सरळ, हे मी चालत्या गाडीतून सांगू शकतो.

बोरगाव मंजू मागं पडलं आणि अकोला आलं. स्टँडवरून ऑटोनं जठारपेठेत गेलो. रोशनी ऑटोवाल्याला पैसे देत होती तोवर मी समोरच्या सजवलेल्या हॉलमध्ये शिरलो. दारातच एका बाईनं मला गंध लावलं, अत्तर लावलं, हातात पेढा दिला. मला वाटलं, विमावाले मानपान तर चांगला करतात. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. शेजारचा माणूस म्हणाला, "मुलीकडचे का?"

"हाव," मी म्हटलं. "मुलगी येऊन राहिली मागून."

"मुलगी तं तयार होऊन राहिली ना जी आतमंदी!"

तेवढ्यात रोशनी धावत आली. "आबाजी, उठा. हे लग्न आहे. आपला हॉल बाजूचा." मी उठलो. पेढा मात्र परत दिला नाही. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासूनचा अबोला तिथं सुटला.

आमच्या हॉलमध्ये शंभरेक पोरंपोरी असतील. पोरं टाय लावून, आणि टायवर पिवळा फेटा. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची फीत. टेबलांना पिकांची नावं दिलेली. मला सोयाबीनच्या टेबलावर बसवलं. मी म्हटलं, मी जन्मभर ज्वारी-तुरीचा माणूस, मला सोयाबीनवर बसवू नका. एक पोरगा हात जोडून म्हणाला, "बाबाजी, तुरीवर जागा नाई. ज्वारीवर चालन का?" तिथं बसलो. टेबलाचं नाव ज्वारी, पण समोर वाटीत शोभेसाठी तुरीचे दाणे ठेवलेले होते. दाणा चांगला होता.

स्टेजवर तिफन (बैलांनी ओढायचं, तीन दात्यांचं पेरणीचं अवजार) ठेवली होती. कोणाच्या तरी घरची जुनी असावी. तिला झेंडूचा हार घातला होता. तिफन पाहून मला बरं वाटलं, पण घडीभरच. तोंड तिचं भिंतीकडं केलेलं होतं. बैल जुंपले असते तर भिंतीत गेले असते. आणि मागं सरता नव्हता. सरता म्हणजे तिफनीच्या मागं दोरीनं बांधलेली एक सुटी नळी. तिफन हाकणाऱ्याच्या मागं बाई चालते आणि त्या नळीतून मुठीनं तूर सोडत जाते. ज्वारीच्या ओळींत तुरीची एक ओळ. आमच्या घरी मी तिफनीवर आणि रोशनीची आजी कौसा सरत्यावर. असं आमचं छत्तीस वर्षं चाललं.

जेवण दुपारी झालं. रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी, वर सांबार (कोथिंबीर). टायवाली पोरं रोडगा चमच्यानं फोडत होती. मी एकाला मुठीनं फोडून दाखवला, तर सगळं टेबल मुठी मारायला लागलं. पोरं वाईट नव्हती, एवढं मी कबूल करतो.

जेवणानंतर शिकवणारे साहेब उभे राहिले. पुण्याकडचे. बोलायला गोड, पण तिफनीला कधी हात लागलेला नसावा. चाड्यात (दाणे सोडायच्या लाकडी वाटीत) त्यांनी ओंजळभर दाणे एकदम ओतले आणि म्हणाले, "मित्रांनो, मूठ मोकळी सोडा! जितकं जास्त पेराल तितकं उगवेल. दिवसाला पन्नास घरं करा!"

मी उठलोच. रोशनी माझा सदरा ओढत होती. "आबाजी, बसा ना. लोक पाहून राहिले."

"साहेब," मी म्हटलं, "असं नाही होत. दाट पेरलं तर एकही ताट (रोप) धड येत नाही. सगळी एकमेकाचं खातात. आणि तुमची तिफन भिंतीत चालली आहे."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. साहेब मनाचे मोठे निघाले. म्हणाले, "आजोबा, वर या. तुम्हीच दाखवा."

गेलो. म्हटलं, मला दोन बैल लागतात. दोन उंच पोरं टाय खिशात कोंबून जुवाखाली आली. त्यातला एक नांदगाव पेठेच्या कापड मिलमध्ये नोकरी करून विम्याचं काम करणारा. तिफनीचं तोंड फिरवून स्टेजच्या लांबीनं केलं आणि मी हाकारलं तसे चालायला लागले. हॉलवाला ओरडला, "गालिचा फाटन!" म्हणून थांबलो आणि तिफन बोटभर उचलून धरायची ठरवली. साहेबांच्या तक्त्याचा जाड कागद मी गुंडाळला, त्याची नळी केली आणि एकाच्या गळ्यातली फीत काढून ती मागं बांधली. झाला सरता.

आता बाई पाहिजे होती. सवयीनं मी हाक मारली, "ये वं."

तशी हाक मी कौसालाच मारत होतो. तोंडातून निघून गेली. रोशनी उठली. टेबलावरची तुरीची वाटी घेऊन आली आणि काही न विचारता माझ्या मागं उभी राहिली.

आम्ही चालायला लागलो. तिफनीवरच्या माणसानं मागं पाहायचं नसतं, नजर पुढं लागते. मागून कागदाच्या नळीत दाणे पडायचा आवाज यायला लागला. टप, टप, टप. एकसारखा. मूठ कशी आवळायची आणि अंगठ्यानं दाणा कसा सोडायचा, हे तिला मी शिकवलेलं नाही. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मागं पाहावं लागलं असतं.

साहेबांनी तिला विचारलं, "ही मागची नळी वेगळी कशासाठी?"

माझ्या मागून तिचा आवाज आला. चालता चालताच बोलत होती.

"सर, पुढचं पीक आधी निघून जाते. तूर मागं राहते. मी सहावीत होती तेव्हा आजी दिवाळीत गेली. आलेलं पीक तिच्या दवाखान्यात गेलं. पुसात पाहिलं तं रानात तूर उभी होती. तिनंच जून महिन्यात सरत्यानं पेरलेली. वर्षभर आमच्या घरी त्याच तुरीचं वरण होतं. आजी नव्हती, पन तिनं पेरलेलं आमच्या ताटात होतं. आबाजी रोज पयला घास घ्यायच्या आधी थोडं थांबत. मी पाहत जाऊ. मी लोकायच्या घरी जाऊन एवढंच सांगतो सर. मरनाचं नाई सांगत. मागं काय उभं राहीन ते सांगतो."

टाळ्या झाल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत. मी त्या वर्षी घासाआधी थांबत होतो हे कोणाला दिसलं नाही असं मला वाटलं होतं. बैल झालेली पोरं भिंतीपाशी पोचली तरी मी उभाच. नांदगाव पेठवाला मागं वळून हळूच म्हणाला, "बाबाजी, वळवू का?"

परतीच्या गाडीत आम्हाला शेवटची बाकडी मिळाली. उन्हं कलली होती आणि तुरीवर पिवळा उजेड पडला होता. मूर्तिजापूर गेल्यावर रोशनीनं विचारलं, "आबाजी, मंग काय ठरलं?"

लगेच बोललो तर माणूस हरला असं दिसतं. बडनेऱ्यापाशी म्हटलं, "पुंडलिकले तू काय सांगितलं होतं?"

"हेच. तुरीचं."

"मंग त्यानं तारखेचं काहून सांगितलं?"

"तुमीच विचारा ना त्यायले. तुमी तं मलेबी नाई विचारलं."

दोन वर्षांत एकदाही मी तिला विचारलं नव्हतं की दारात जाऊन तू बोलतेस काय. पारावरच्या हसण्यावरून मी माझ्या नातीचं काम ठरवलं होतं.

"उद्या सकाळी त्याच्या घरी जाऊ," मी म्हटलं.

"ते मले आत नाई घेत आता."

"मी आहे ना सोबत."

"मंग बोलन कोन?"

"तूच बोल. मी मागं राहीन."

ती खिडकीकडं वळली. या वेळी रुसून नाही. अमरावतीला गाडी बदलल्यावर माझ्या हातावर हात ठेवून ती चांदूर बाजार येईपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही निघालो. रोशनी बॅग घेऊन पुढं, मी काठी टेकत मागं. पुंडलिकराव ओट्यावर दात घासत होते. मला पाहून म्हणाले, "या. आता तुमीबी तारीख विचारायले आले का?"

"मी काई विचारत नाई. रोशनी बोलते. तुमी ऐका. आजवर आपन दोघांनंबी नीट ऐकलं नाई."

त्यांनी दात घासणं थांबवलं. रोशनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि आतल्या सुनेला हाक मारून दोन कप चहा सांगितला. पॉलिसी घेतील की नाही, तो त्यांचा प्रश्न. रोशनी ओट्यावर बसली आणि जून महिन्यापासून सांगायला लागली. मी खाली पायरीवर तिच्या मागं बसलो.

अकोला काही फार लांब नाही. जन्मात वीसेक वेळा तरी गेलो असेन. पण या खेपेला आल्यावर एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहून थांबतो. त्या सकाळी नातीच्या मागून चालताना तिची वाट कुठं सरळ आणि कुठं वाकडी, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढं असताना स्वतःची ओळ माणसाला दिसत नाही, मागच्याला दिसते. म्हणजे छत्तीस वर्षं माझी प्रत्येक वाकडी ओळ कौसाला दिसली असणार. ती काही न बोलता त्या वाकड्या ओळींतच तूर पेरत आली.