नासपतीच्या झाडाचं गोत

“पळा रे, आडनाव विचारणारे आले!” गिरीजच्या नाक्यावर पाववाला रिक्षावाल्याला म्हणाला, आणि रिक्षावाल्याने खरोखरच रिक्षा सुरू केली. आले होते माझ्या मैत्रिणीचे, ग्रेसचे आजोबा. कुठल्याही माणसाला त्याच्या आडनावाच्या दारातूनच भेटायचं, असं ठरवलेला दुसरा माणूस अख्ख्या वसईत सापडणार नाही.

आजोबांची हयात जर्मन जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेली. भाषा फारशी आली नाही, आडनावं मात्र पोतंभर घेऊन आले. “श्मिट म्हणजे आपला लोहार. श्नायडर शिंपी, अळणी खायचा. फुक्स म्हणजे तुमचे कोल्हे. ऐकायला साहेबी गो बाय, आतून आपल्यासारखीच!” केळीच्या घडाला टेकू लावता लावता हे चालायचं. एके काळी तिकडच्या सरकारांनी ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली, तेव्हा कुणी गावाचं घेतलं, कुणी रोझेनथाल, म्हणजे गुलाबांचं खोरं, असं काही सुंदर घेतलं. हे सांगताना आजोबा जणू त्या कचेरीत रांगेत उभेच होते. “आपल्या कोकणातले ज्यू बघ. पेणकर, रोहेकर! गाव पाठीला बांधलेलं. तिकडचा फ्रँकफुर्टर तसाच.” काट्झवर विशेष जीव. “ऐकून जर्मनातलं मांजर वाटतं. पण ज्यूंमध्ये ती ‘धर्मनिष्ठ पुरोहित’ या शब्दांची आद्याक्षरं. आडनावाच्या तोंडावर जाऊ नये.” विजेचा मीटर बघायला आलेल्या वाघमारेंना त्यांनी वाघ कुणी मारला, कुठे मारला, असं विचारत इतका वेळ बसवलं की शेवटी आपण कोंबडीलाही भितो असं कबूल करून त्या बिचाऱ्यांनी सुटका करून घेतली.

मी मात्र त्यांच्या हाती लागले नाही. शाळेत माझ्या आडनावावर इतकं हसून झालंय की मी नुसतं “श्वेता जी.” सांगते. “जी म्हणजे काय गो?” आजोबा विचारायचे, आणि मी वाडीतली केळफुलं बघायला निघून जायचे.

त्यांची स्वतःची इच्छा एकच होती. परेरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये नासपतीचं झाड. जर्मनांत आणि ज्यूंमध्ये त्याच झाडाचं आडनाव बिर्नबाउम. “जहाजावर सगळे भेटले, हा तेवढा राहिला. भेटला की सांगेन, आपण एकाच झाडाचे.”

आणि गेल्या रविवारी ग्रेसच्या ऑफिसातल्या, जर्मनीहून आलेल्या बाई जेवायला आल्या. मलाही बोलावलं होतं. मिसेस बिर्नबाउम! आजोबा सकाळपासून लग्नातला कोट घालून तेच वाक्य घोकत होते. बाईंनी हात पुढे केला, आणि जन्मभर बोलत आलेला माणूस गप्प झाला. ग्रेस आत ताटं वाढत होती. बाई हसून वळू लागल्या. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं.

चारचौघांत मला बोलता येत नाही. तरी बाईंना इंग्रजीत म्हणाले, “हे परेरा. म्हणजे नासपतीचं झाड. तुम्ही दोघं एकाच झाडाचे.”

बाई थबकल्या, मग मोठ्याने हसल्या. फोनवर आपल्या अंगणातलं झाड दाखवलं. आजोबा चष्मा पुन्हा पुन्हा पुसून बघत राहिले. गिरीजला नारळ आणि केळी. आपल्या नावाचं झाड त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. “पांढरी फुलं येतात होय,” ते हळूच म्हणाले.

“आणि तुमचं आडनाव?” बाईंनी मला विचारलं.

आजोबांनी फोनवरून मान वर केली.

“गाढवे,” मी म्हणाले. “श्वेता गाढवे.”